शेंग कोणासाठी थांबते? आफ्रिकेतलं सोयाबीन आणि घरातलं ताट

२०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने इतर देशांना दिली जाणारी मदत एकाएकी थांबवली. औषधं, लसी, धान्य यांचं काय होणार याच्या बातम्या आपल्याकडेही आल्या. त्याच सुमाराला, याच मदतीवर चालणारी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातली एक सोयाबीन प्रयोगशाळा बंद करावी लागत असल्याचं जाहीर झालं. ती बातमी मात्र आपल्याकडे फारशी कुणी वाचली नाही. २०१३ पासून ही प्रयोगशाळा आफ्रिकेतल्या लहान शेतकऱ्यांच्या सोयाबीनवर काम करत होती.

मी लातूर जिल्ह्यातल्या सोयाबीनच्या पट्ट्यात वाढले. त्यामुळे ही बातमी वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की आफ्रिकेत सोयाबीन किती असणार? जगाच्या उत्पादनाच्या हिशोबात फारच थोडं आहे. पण टोगो, बेनिन, नायजर, मोझांबिक या देशांतून गेल्या काही वर्षांत भारतातसुद्धा सोयाबीन आलेलं आहे. अल्पविकसित देशांचा माल म्हणून त्याला आयात शुल्कातून सूट मिळते. म्हणजे आपल्या मोंढ्यातल्या भावाची चर्चा चालू असते तेव्हा तिकडच्या एखाद्या बाईने वाकून काढलेलं सोयाबीनही त्या हिशोबात कुठेतरी असतं.

तर प्रश्न साधा आहे. सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर. ते गरीब शेतकऱ्याच्या रानात पिकलं तर त्याच्या घरातली लेकरं अंगाने भरायला हवीत. तशी ती भरतात का? काही ठिकाणी भरतात, पुष्कळ ठिकाणी नाही. हा फरक का पडतो ते शोधायला गेलं की बियाणं, खत, पाऊस हे सगळं ओलांडून आपण वेगळ्याच प्रश्नांपाशी येतो. त्या घरात रान कुणाचं, नांगर आधी कुणाच्या रानात जातो, आणि रास झाल्यावर पोत्यावर हात कुणाचा?

पीक तसं गुणी आहे

सोयाबीनच्या दाण्यात साधारण ३५ ते ४० टक्के प्रथिनं आणि १८ ते २० टक्के तेल असतं. आफ्रिकेच्या मोठ्या भागात रोजचं जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. मलावीत त्याला न्सिमा म्हणतात. पोट भरतं, पण मक्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक घटक फार कमी असतो, आणि वाढत्या वयाच्या मुलांना तो लागतोच. सोयाबीनमध्ये तो भरपूर आहे. आपण भाताबरोबर वरण आणि भाकरीबरोबर पिठलं खातो, त्यात हीच जोडी असते. धान्यात जे कमी पडतं ते डाळ भरून काढते.

दुसरा गुण मातीतला. पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी एक रोप अलगद उपटून पाहा. मुळांना बारीक गाठी दिसतील. नखाने एक गाठ फोडली आणि आतून गुलाबीसर लाल निघाली, तर समजायचं की काम चालू आहे. त्या गाठींमध्ये रायझोबियम जातीचे जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. युरियाचं पोतं ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

अडचण अशी होती की बाहेरून आणलेल्या सोयाबीनच्या जातींना एका ठरावीक प्रकारचाच जिवाणू लागायचा आणि आफ्रिकेच्या मातीत तो नव्हता. नायजेरियात इबादान इथे १९६७ मध्ये स्थापन झालेली उष्णकटिबंधीय शेतीची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या पैदासकारांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून निराळी वाट धरली. मातीत आधीच जे जिवाणू आहेत त्यांच्याशीच जमवून घेणारं सोयाबीन त्यांनी तयार केलं. पंगतीत जे वाढतील ते आवडीने खाणारा पाहुणा असतो ना, तसं हे वाण. टीजीएक्स या नावाने सुरू होणाऱ्या त्या जाती आज आफ्रिकेतल्या अनेक देशांत पेरल्या जातात.

आणखी एक गुण ज्वारी पिकवणाऱ्यांना लगेच कळेल. आपल्या ज्वारीत टारफुला येतो. मुळाला चिकटून पिकाचं रक्त शोषणारं ते तण. त्याच कुळातलं तण आफ्रिकेत मका आणि ज्वारीची शेतंच्या शेतं बसवतं. त्याचं बी यजमान पिकाच्या मुळांतून झिरपणाऱ्या रसाचा सुगावा लागला तरच उगवतं, नाहीतर वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं. सोयाबीनची मुळंही तसाच रस सोडतात. बी फसतं, उगवतं, पण सोयाबीनच्या मुळाला त्याला चिकटता येत नाही आणि ते मरून जातं. पुढच्या वर्षी मक्याला तेवढा त्रास कमी.

अन्नसुरक्षा म्हणजे नुसती भरलेली कणगी नव्हे

हा शब्द एकदा नीट समजून घेऊ. १९९६ मध्ये रोमला जागतिक अन्न परिषद भरली. तिथे ठरलेल्या व्याख्येतून चार गोष्टी निघतात: अन्न असणं, ते हाताला लागणं, ते अंगी लागणं, आणि हे बारा महिने टिकणं.

यातली पहिली गोष्ट रानात ठरते. उरलेल्या तिन्ही घरात, बाजारात आणि चुलीपाशी ठरतात. कणगी भरलेली असून घरातल्या सुनेला त्यातलं काढायची मुभा नसेल, तर अन्न आहे पण हाताला लागत नाही. सोयाबीन आहे पण ते शिजवायला सरपण आणि वेळ नाही, तर ते अंगी लागत नाही. मलावीत २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालच्या ३७ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. घानाच्या उत्तर विभागात २०१४ मध्ये हा आकडा ३३ टक्के होता, आणि घानाचं बहुतेक सोयाबीन याच उत्तरेत पिकतं. पीक आणि कुपोषण एकाच गावात सुखाने नांदू शकतात, हे एवढ्यावरून दिसतं.

उत्तर घानातला एक हंगाम

आता टमाले शहराच्या आसपासचं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. इथे पाऊस वर्षातून एकदाच, साधारण मे ते ऑक्टोबर. जमीन कुळाची आणि घराण्याची, तिचा कारभार पुरुषांकडे. लग्न होऊन आलेल्या बाईला नवऱ्याकडून किंवा त्याच्या भावकीकडून एखादा तुकडा मिळतो. तो बहुधा लांबचा किंवा थकलेला असतो. पण तिचं पहिलं काम नवऱ्याच्या रानात. पेरायला, खुरपायला, काढायला तिथे हात लावल्यावर मग स्वतःच्या तुकड्याकडे वळायचं. त्यात घरचं पाणी, सरपण, स्वयंपाक आहेच. शिवाय पावसाळ्याच्या सुरुवातीला शिया झाडाखाली पडलेली फळं वेचायची असतात. त्यांच्या बियांपासून लोणी निघतं आणि ते पैसे बाईचे स्वतःचे असतात.

नांगरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. गावात ट्रॅक्टर आला की सगळ्यांना घाई असते. आधी पुरुषांची रानं नांगरून होतात, मग बायकांचे तुकडे. सोयाबीनची पेरणी जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत आटोपली तर बरी. ज्याच्या रानात नांगर उशिरा गेला त्याची पेरणी उशिरा, आणि मग दाणे भरायच्या वेळीच पाऊस पाठ फिरवतो. वाफसा गेला की काय होतं, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

हा उशीर काढणीतही पाठ सोडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळंच एकदम पिकतं. बाई आधी नवऱ्याच्या रानात. तोवर तिचं सोयाबीन उभ्या उभ्या वाळतं. त्यातच उत्तरेकडून हरमट्टन नावाचा कोरडा, धुळीचा वारा सुटतो. सोयाबीनची शेंग खडखडीत वाळली की आपोआप तडकते आणि दाणे मातीत जातात. आमच्याकडेही चार दिवस मजूर मिळाले नाहीत आणि ऊन कडक पडलं की शेंगा तडकल्याचा बारीक टकटक आवाज रानातून ऐकू येतो. शेतकऱ्याचा जीव त्या आवाजाने वरखाली होतो.

टमालेजवळ न्यानक्पाला इथे सव्हाना प्रदेशासाठीची शेती संशोधन संस्था आहे. तिने शेंग सहज न तडकणारं एक वाण दिलं. त्याचं नाव ‘जेंगुमा’. तिथल्या डगबानी भाषेत त्याचा अर्थ होतो ‘माझ्यासाठी थांब’.

हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ तिथेच अडकले. वाणाच्या नावात सहसा संस्थेचं आद्याक्षर आणि एक आकडा असतो, आपल्या जेएस ३३५सारखा. इथे नावातच काढणीला उशीर होणाऱ्या माणसाची विनवणी आहे. आणि सगळ्यात जास्त उशीर कुणाला होतो ते वर सांगितलंच. शेंग न तडकणं हा गुण पैदासकाराच्या वहीत एक ओळ असेल, पण बाईच्या तुकड्यात तो पोत्यांमध्ये मोजला जातो.

काढणी झाल्यावर मळणी. यंत्र नसेल तिथे वाळलेली झाडं पसरून काठीने बडवायची. काड्या आणि शेंगांची टोकं हातात घुसतात. मराठवाड्यात सोयाबीन काढायला जाणाऱ्या बाया बोटांना चिंध्या गुंडाळतात, जुने मोजे हातात घालतात, तरी संध्याकाळी भाकरी थापताना तळहात झोंबतात. आपल्याकडे निदान बनीम घातली, म्हणजे काढलेल्या पिकाची गंजी रचून ठेवली, की पुढे थ्रेशर येतो. तिथे अनेक गावांत बडवणं, उफणणं, निवडणं हे सगळं बायकांच्या अंगावर असतं.

“पैसा शेवटी घरातच येतो ना?”

ही पहिली शंका, आणि ती रास्त आहे. नवऱ्याच्या रानात पिकलं काय, बायकोच्या तुकड्यात पिकलं काय, चूल तर एकच!

अर्थशास्त्रातही बरीच वर्षं असंच धरलं जायचं, की कुटुंब म्हणजे एक पिशवी. ख्रिस्तोफर उड्री यांनी बुर्किना फासोमधल्या शेतांचा हिशोब घालून १९९६ मध्ये दाखवलं की तसं नसतं. एकाच घरात, एकाच वर्षी, तेच पीक. पण बायकोच्या तुकड्यात उतारा कमी. कारण मजुरी आणि शेणखत पुरुषांच्या रानात जास्त पडत होतं. त्यातलं थोडं खत बायकोच्या तुकड्यात गेलं असतं तर घराचं एकूण उत्पन्न वाढलं असतं. म्हणजे या वाटणीत सगळ्या घराचाच तोटा होता.

पुढचा हिशोब मला जास्त बोलका वाटतो. एस्थर डुफ्लो, ज्यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि उड्री यांनी आयव्हरी कोस्टमधल्या घरांचा खर्च तपासला. तिथे पुरुष रताळ्यासारखा एक मोठा कंद पिकवतात, याम नावाचा. त्याचे पैसे घरच्या जेवणासाठीच वापरायचे अशी रीत आहे. पाऊस यामला मानवला त्या वर्षी घरात अन्नावर आणि शिक्षणावर खर्च वाढलेला दिसला. पुरुषांच्या इतर नगदी पिकांना मानवला तर वाढ दारू-तंबाखूत आणि स्वतःच्या चैनीत दिसली. माणूस तोच आणि खिसाही तोच. पण पैसा कोणत्या पिकाचा, यावर तो कुठे जाणार हे ठरत होतं.

म्हणून सोयाबीन घरात आलं एवढं पुरत नाही. त्याचे पैसे त्या घरात कोणत्या खात्यावर पडतात हे बघावं लागतं. आपल्याकडे दुधाचे पैसे बाईच्या हातात आणि उसाचं बिल पुरुषाच्या खात्यात, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या दोन पैशांनी घरात काय काय आलं, हे अशा घरातल्या कुठल्याही लेकीला विचारा.

पीक बाईचं राहतं, पण कधीपर्यंत?

आफ्रिकेत अनेक ठिकाणी ‘बायकांची पिकं’ आणि ‘पुरुषांची पिकं’ अशी विभागणी असते. शेंगदाणा, चवळी, भाज्या बायकांच्या. तंबाखू, कापूस पुरुषांचा. सोयाबीन आलं तेव्हा ते शेंगवर्गीय, घरात खायचं, छोट्या तुकड्यात होणारं. म्हणून ते बऱ्याच ठिकाणी बायकांकडे गेलं. मग कोंबड्यांच्या खाद्याला मागणी आली, तेलाचे कारखाने आले, व्यापारी पोती घेऊन दारात उभा राहू लागला. पिकाला भाव आला की त्यावरचा हक्क सरकू लागतो.

याचं सगळ्यात नीट नोंदलेलं उदाहरण सोयाबीनचं नाही, भाताचं आहे. गांबिया नदीकाठी पाणथळ जमिनीत भात पिकवणं हे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचं काम. १९८०च्या दशकात जहाली-पचार इथे परदेशी पैशातून मोठा सिंचन प्रकल्प झाला. बायकांना प्लॉट द्यायचे असं ठरलं होतं आणि कागदोपत्री अनेकींची नावं लागलीही. पण मांडिंका समाजात शेताचे दोन प्रकार असतात. ‘मारुओ’ म्हणजे सगळ्या घराचं शेत, त्यातलं धान्य घरच्या प्रमुखाच्या ताब्यात. ‘कामान्यांगो’ म्हणजे स्वतःचं शेत, त्यातलं पीक ज्याचं त्याचं. पाणी आलेले नवे प्लॉट मारुओ ठरले. बायकांची मेहनत दुप्पट झाली, कारण आता वर्षातून दोन पिकं, आणि हातात मात्र काही येईना. काहींनी तिथे राबायचंच सोडलं, काहींनी कामाच्या मोबदल्यात भाताचा वाटा मागितला. भूगोल अभ्यासक जुडिथ कार्नी यांनी हे सगळं तपशिलाने लिहून ठेवलं आहे.

सातबाऱ्यावर नाव आणि रानावर हुकूम यांतलं अंतर आपल्याला ठाऊक आहे. गांबियात ते अंतर एका शब्दात मावलं: शेताला मारुओ म्हणायचं की कामान्यांगो.

जमीन परत जाण्याची भीतीही अशीच काम करते. मार्कस गोल्डस्टीन आणि उड्री यांनी दक्षिण घानातल्या अक्वापिम भागात पाहिलं की गावात ज्यांचं वजन कमी, ते जमीन पडीक ठेवायला धजत नाहीत. पडीक ठेवली तर कस वाढतो, पण रिकामं रान दिसलं की ते दुसऱ्याला दिलं जाऊ शकतं. त्यामुळे बायका दरवर्षी पेरत राहतात, जमीन थकत जाते आणि उतारा घटतो. आता सोयाबीनचा विचार करा. ते जमिनीचा कस सुधारतं. पण तीन वर्षं सोयाबीन करून जो तुकडा सुधारला, तो चौथ्या वर्षी आपल्याकडेच राहील याची खात्री नसेल, तर बाई त्यात किती जीव ओतेल?

“बायकांचा उतारा कमीच येतो, मग त्यांच्यावर खर्च कशाला?”

उतारा कमी येतो हे खरं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार सारख्याच आकाराच्या शेतात बायका आणि पुरुष यांच्या उत्पादकतेत २४ टक्क्यांचा फरक आहे. मलावीतल्या पाहणीतही २५ टक्क्यांची तफावत दिसली. पण त्या पाहणीत संशोधकांनी पुढे जाऊन कारणांची फोड केली, तेव्हा तफावतीचा ८२ टक्के भाग सरळ मोजता येणाऱ्या गोष्टींनी भरून निघाला. खतं आणि निविष्ठा किती, नगदी पीक किती क्षेत्रावर, घरात राबणारे पुरुष किती, अशा त्या गोष्टी. दोन पोरांना परीक्षेला बसवायचं, एकाला पुस्तक द्यायचं आणि एकाला नाही, आणि मग गुण कमी पडले म्हणून पुस्तकच द्यायचं नाही, असा हा हट्ट होतो.

इथे उलट बाजूचीही एक चूक सांगायला हवी, कारण ती चांगल्या हेतूने होते. ‘आफ्रिकेतलं ६० ते ८० टक्के अन्न बायका पिकवतात’ हे वाक्य भाषणांत सर्रास ऐकू येतं. त्याला भक्कम आधार सापडत नाही. आफ्रिकेतल्या सहा देशांत घरोघरच्या शेतातले कामाचे तास मोजले तेव्हा बायकांचा वाटा सरासरी ४० टक्के निघाला. मलावी, टांझानिया, युगांडात तो निम्म्याहून थोडा जास्त, नायजेरियात ३७ टक्के. शिवाय यात स्वयंपाक, पाणी, सरपण धरलेलं नाही. बायकांची बाजू मांडायला फुगवलेल्या आकड्याची गरज नाही. खरे आकडेच पुरेसे आहेत.

दाण्यापासून घासापर्यंत

समजा सगळं जुळलं आणि सोयाबीन बाईच्या हातात आलं. पुढे ते शिजवायचं कसं?

कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. चांगलं उकळल्याशिवाय किंवा भाजल्याशिवाय ते अंगी लागत नाही, उलट पोट बिघडतं. निवडायचं, उकळायचं, सालं काढायची, वाळवायचं, भाजायचं, मग दळायला न्यायचं. प्रत्येक पायरीला पाणी लागतं, सरपण लागतं, आणि हे दोन्ही डोक्यावरून आणणारी तीच बाई असते. ‘सोयाबीन खा’ असा सल्ला देणाऱ्याने ही पायऱ्यांची यादी एकदा स्वतः करून पाहावी असं मला मनापासून वाटतं. आपणही हे पीक इतकी वर्षं घेतो, पण ते जातं मिलला, आणि घरात परत येतं तेल किंवा सोयावडी होऊन.

नायजेरियात मात्र ते घरात शिरलं, आणि कसं शिरलं हे बघण्यासारखं आहे. पश्चिम आफ्रिकेत आमटीत घालायला ‘दद्दावा’ नावाचा एक आंबवलेला गोळा वापरतात. वास उग्र असतो. आपल्याकडे सुक्या जवळ्याची चिमूट कालवणाला जी चव आणते, तसंच काहीसं. हा दद्दावा मूळचा एका रानटी झाडाच्या शेंगांतल्या बियांचा. त्या बिया तासन्‌तास शिजवाव्या लागतात, आणि झाडंही कमी होत चालली. बायकांनी त्या जागी सोयाबीन वापरून पाहिलं. ते लवकर शिजलं, सालही सहज निघाली, चव जवळपास जमली. घरात नवा पदार्थ आणावा लागला नाही, जुन्याच मडक्यात नवा दाणा पडला. त्याबरोबर ‘अवारा’ आला, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर तळून केलेले तुकडे. उत्तर नायजेरियात रस्त्याच्या कडेला कढई मांडून बायका ते विकतात, आणि ते पैसे त्यांच्याच हातात येतात.

मलावीतही असंच एक नाव घरोघरी माहीत आहे: लिकुनी फाला. चार भाग मका, एक भाग सोयाबीन भाजून दळायचं आणि त्याची पातळ लापशी बाळाला भरवायची. आपल्या सत्वाच्या खिरीची ही बहीणच.

बाईला विचारलं का?

सबलीकरण हा शब्द फार वापरून गुळगुळीत झाला आहे. तो मोजायचा कसा, यासाठी २०१२ मध्ये एक निर्देशांक तयार झाला. शेतीतले निर्णय, जमीन-जनावरं-कर्ज, उत्पन्नावरचा हक्क, गावातलं स्थान आणि दिवसाचा वेळ, या पाच बाबी त्यात पाहतात. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती पद्धत: एकाच घरातल्या बाईला आणि पुरुषाला वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारायचे. ‘सोयाबीन कधी विकायचं हे कोण ठरवतं?’ याला नवरा म्हणतो, आम्ही दोघं मिळून. बायको कधीकधी वेगळंच उत्तर देते. इलिनॉयच्या त्या प्रयोगशाळेबरोबर काम करणाऱ्या संशोधकांनी उत्तर घानातल्या सोयाबीन शेतकऱ्यांना असंच वेगवेगळं विचारलं होतं.

त्याच प्रयोगशाळेने घानातल्या कारागिरांना स्थानिक सामानातून मळणी यंत्र बनवायला शिकवलं. काठीने बडवण्याचे दिवस त्यामुळे तासांवर येतात. ज्या बाईच्या हातात काड्या घुसतात तिच्यासाठी याहून मोठी गोष्ट कोणती? फक्त एक डोळा यावर ठेवावा लागतो, की यंत्र कुणाच्या मालकीचं, आणि ते आधी कुणाच्या खळ्यावर जातं. ट्रॅक्टरची रांग आपण वर पाहिलीच आहे.

“या त्यांच्या घरच्या गोष्टी, बाहेरच्यांनी कशाला पडावं?”

ही शंका मी हलक्यात घेत नाही. बाहेरून आलेल्या माणसाने घराघरांत भांडणं लावून निघून जावं, याने कुणाचंच भलं होत नाही. पण उत्तर मलावीतल्या एक्वेंडेनी इथलं काम वेगळ्या वाटेने गेलं. २००० साली तिथल्या मिशन रुग्णालयाच्या आधाराने गावातल्या शेतकऱ्यांनी शेंगदाणा, तूर, सोयाबीन अशी पिकं लावून बघायला सुरुवात केली. मातीचा कस वाढवायचा आणि कुपोषित मुलांचं खाणं सुधारायचं, हे दोन हेतू. लवकरच लक्षात आलं की पीक वाढलं म्हणून बाळाच्या वाटीत आपोआप जास्त पडत नाही. शेंगा विकायच्या की ठेवायच्या हे नवरा ठरवतो. आणि बाळाला काय भरवायचं, कधीपासून भरवायचं, हे सासू ठरवते. एकट्या आईला आहाराचे धडे देऊन काही हलणार नव्हतं.

मग त्यांनी गावातच बैठका भरवल्या, त्यात आज्यांना बोलावलं, पुरुषांना बोलावलं. वरचेवर सगळ्यांनी मिळून पदार्थ करायचे दिवस ठरले. त्या दिवशी पुरुषांनीही चुलीपाशी बसायचं, सोयाबीन घातलेली लापशी ढवळायची, आणि ती मुलांना भरवायची. ज्याने एकदा सोयाबीन निवडून, उकळून, सोलून, वाळवून, भाजून पाहिलं त्याला सरपणाचा हिशोब कळतो. पुढे काही वर्षांनी केलेल्या मोजमापात, या कामात घट्ट सामील झालेल्या गावांतल्या मुलांचं वजन सुधारलेलं आढळलं.